कान कातरलेल्या दोन शेळ्या

नोकरीतल्या चोऱ्यामाऱ्यांच्या केसेस आता एकमेकींत मिसळून जातात, पण धाड गावच्या बाजारातल्या दोन शेळ्या अजून जशाच्या तशा डोळ्यापुढे उभ्या राहतात. तेव्हा मी त्या भागाचा बीट जमादार होतो. शिक्षण सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो आणि कोणाच्या चिठ्ठीवर नाही, कामावर वर चढलो. हे आधीच सांगून ठेवतो. नावं मात्र कोणाची सांगणार नाही.

त्या हंगामात हद्दीतून शेळ्या फार चोरीला जात होत्या. गोठ्यातून उचलायच्या आणि लांबच्या बाजारात फुंकायच्या. म्हणून बाजाराच्या दिवशी मी साध्या कपड्यात फिरायचो. बेपाऱ्यांनाही सांगून ठेवलं होतं, संशय आला की कळवा. त्यातल्या एका जुन्या मुसलमान बेपाऱ्यानं, सगळे त्याला चाचा म्हणत, मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"जमादारसाब, एक आदमी दोन शेळ्या घेऊन आला. म्या रुमाल टाकला, पहिलाच भाव सांगितला, अन् तो हाव म्हणून मोकळा! भाव तोडलाच नाही."

"मग तुमचा फायदाच झाला की चाचा."

"फायदा काय चाटू? उद्या चोरीचा माल निघाला तर मलेच आत टाकाल."

आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, शेजारच्याला भाव कळत नाही. खरा मालक त्या रुमालाखाली घामाघूम होईस्तोवर झगडतो. चोराला घाई असते. चाचाचं म्हणणं बरोबर होतं.

माणूस एसटी स्टँडजवळ सापडला. पैसे मुठीत घट्ट धरलेले. ठाण्यात आणून बाकावर बसवला.

"शेळ्या कोणाच्या?"

"माह्या नाहीत साहेब. दोस्ताच्या."

"दोस्त कुठं आहे?"

"मेला. आज पहाटी."

माझा शिपाई उसळला. "वा बे! मुडदा थंडा व्हायच्या आधी त्याच्या शेळ्या बाजारात?"

चौकशीत एवढंच निघालं. दोस्त गवंडीकाम करायचा. काल चांगला हसत-बोलत होता, पहाटे छातीत कळ आली आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. या दोन शेळ्या त्यानं याच्याकडे अर्धेलीनं ठेवल्या होत्या. म्हणजे सांभाळायचं यानं आणि पिलं दोघांनी वाटून घ्यायची. प्रेत आणणाऱ्या गाडीचं भाडं आणि सरणाची लाकडं, यासाठी त्या विकल्या. मी दवाखान्यात फोन लावला. मरण खरं निघालं.

"ठीक. त्याच्या बायकोला विचारू," मी म्हणालो.

तो बाकावरून उठलाच. "तिच्या दारात पोलीस नेऊ नका साहेब. मले आत टाका पाहिजे तर, पण हे पैसे गाडीवाल्याले पोचवा. दिवस बुडायच्या आत माती झाली पाहिजे."

घरी चौकशी नको, असं प्रत्येक चोर म्हणतो. पण मला आत टाका आणि पैसे पोचवा, असं म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात उगारला नाही. माझी रीत वेगळी होती. माणूस बोलत नसेल तर त्याचं अंगण बघायचं. आधी चाचाच्या दावणीला त्या शेळ्या पाहिल्या. दोघींचा डावा कान खालून कातरलेला होता. मग चाचालाही जीपमध्ये घेतलं आणि त्या माणसाच्या घरी गेलो.

अंगणात एक म्हातारी शेळी आणि तिची करडं होती. सगळ्यांचा डावा कान तसाच कातरलेला. मी शेळ्या राखणाऱ्याच्या घरातला. अर्धेलीच्या जनावरावर राखणारा स्वतःची खूण कधी करत नाही, वाटणीच्या वेळी भांडण लागतं.

"शेळ्या तुझ्या आहेत."

"नाही."

"खूण तुझी आहे."

"नाही म्हणतो ना साहेब!"

चोरीचा माल आपला म्हणणारे ढीगभर पाहिले. आपला माल आपला नाही म्हणून अडून बसलेला हा एकच. मीही हट्टी. त्याच्याच बाजेवर बसलो. "दिवस तुझा बुडून राह्यला, माझा नाही."

तेव्हा त्यानं खरं काय ते सांगितलं.

गवंड्याचा बाप वारला तेव्हा गावानं वर्गणी करून सरण रचलं होतं. पुढं भांडण बांधाचं असो की नळाचं, भावबंद एकच टोचायचे, तुझ्या बापाची लाकडं आमच्या पैशाची. गवंड्याच्या बायकोनं ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. आज सकाळी वर्गणीचं नाव निघताच ती म्हणाली, "माह्या माणसाची माती त्याच्याच पैशानं होईल, नाहीतर मी एकटी खड्डा खोदीन." ती याचेही पैसे घेईना.

"मग म्या म्हटलं, वहिनी, त्याच्या दोन शेळ्या हायेत माह्याकडं. एका ताटात जेवलो साहेब आम्ही. त्याच्यासाठी एवढंही खोटं बोलू नोको?"

मग मी म्हणालो, "चाचा, रुमाल काढा."

"साब, सौदा तर झाला."

"तो चोराशी झाला. आता मालकाशी करा."

मालकाच्या वतीनं रुमालाखाली हात मी घातला. चाचानं मान हलवली, मी बोटं सोडली नाहीत. शेवटी म्हणाला, "साब, तुम्ही पोलिसात काऊन गेले? बेपारी व्हायचं ना!" वरचे पैसे त्यानं तिथंच काढून दिले. शिपाई मोटारसायकलीवर गाडीभाडं घेऊन बुलढाण्याला गेला.

बाईच्या दारात जाणं मात्र टळलं नाही. बाजारातून बातमी आमच्या आधी पोचली होती की शेळ्या चोरीच्या, दोस्ताला पोलिसांनी उचललं. अंगणात भावबंद जमले होते. बाई उंबऱ्यात उभी होती. रडून झालेलं होतं.

"साहेब, खरं सांगा. शेळ्या कोणाच्या?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तो माझ्या मागं उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"तुमच्या मालकाच्या, बाई. मी स्वतः तपास केला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोलिसांनी पाहिलं म्हणजे झालं," ती म्हणाली. "आणा मग लाकडं."

एक भावबंद कुजबुजला, "गवंड्याकडं शेळ्या कव्हा होत्या बे?" मी फक्त वळून त्याच्याकडे पाहिलं. पुढं लाकडं उतरवायला तोच सगळ्यांच्या आधी धावला. गाडी प्रेत घेऊन आली आणि अग्नी दिला तेव्हा दिवस शिल्लक होता.

स्टेशन डायरीला मी नोंद केली, शेळ्या मयताच्या मालकीच्या, संशय निराधार. ते खोटं होतं. आज लिहायची वेळ आली तरी तेच लिहीन, कोणी साहेब विचारो की कोर्ट. माणूस खोटं बोलतोय हे ओळखणं सोपं असतं, ते कुठलाही शिपाई शिकतो. तो कोणासाठी बोलतोय हे बघायला मी त्या दिवसापासून लागलो, आणि पुढं नोकरीत त्या सवयीनं माझे हात बऱ्याचदा वेळेवर आवरले.

पुढच्या वर्षी तोच माणूस बाजारात बोकड विकताना दिसला. रुमालाखाली असा भांडत होता की चाचाची टोपी वाकडी झाली. मला पाहून चाचा तिथूनच ओरडला, "जमादारसाब, या खेपेला चौकशी नको! माल पक्का याचाच हाय!"