सोफ्रोनीकाका आणि एकविसावं पान

परदेशात वीस वर्षं उडालेलं लढाऊ विमान आम्ही विकत घेतलं आणि डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या हवाई तळावर त्याचं पहिलं उड्डाण होतं! पाद्री पाम्फिलनी आमच्या रिवाजाप्रमाणे तुळशीच्या जुडीनं विमानावर पवित्र पाणी शिंपडलं. बँड सुरू झाला, तेवढ्यात मेकॅनिक सोफ्रोनीकाका हात पसरून विमानासमोर उभे. इंजिनात जाऊ नये म्हणून धावपट्टीवरचा खडान्‌खडा तीस वर्षं वेचलेला माणूस!

"थांबा! जुडीत एकवीस पानं होती, मी मोजलीत. आता वीसच! एक इंजिनात गेलं तर?"

जनरलसाहेबसुद्धा रांगत पान शोधू लागले.

"सोफ्रोनी, देवाच्या पानावर संशय घेतोस?" पाद्री गरजले.

"बाबा, जरा हनुवटी वर करा." काकांनी दाढीतून पान उपसलं.

मग विमान असं सुसाटलं की आमच्या टोप्या उडाल्या! त्याच्या नोंदवहीत परदेशी नोंदींखाली आमची पहिली नोंद काकांची आहे: "उड्डाणापूर्वी पाद्रींची दाढी तपासावी."