तेल टाकायचं काम

मंगळवारी दादा वारला. स्कूटरचं इंजिन त्याने रविवारी खोललं होतं.

निरगुडसरच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. मी शाळेत शिकवायचो, तो मंचरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. रविवार मात्र वडिलांच्या जुन्या स्कूटरचा. त्याचे दोन मित्र यायचे, एक लोणीचा, एक पिंपरी पेंढारचा. दोघांकडेही तसल्याच जुन्या स्कूटर. तिघं मिळून कुणाची तरी गाडी खोलत, धूत, पुन्हा जोडत. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला वाचत बसायचो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. पडवीत पोत्यावर इंजिनाचे भाग त्याने मांडले होते तसेच होते. मी त्यांच्यावर चादर टाकली. मला ते जोडता येत नव्हते आणि भंगारात देववत नव्हते. शाळेतून आलो की चादरीकडे पाठ करून बसायचो. पुस्तक उघडं असायचं, पान उलटत नसे.

मग एका रविवारी दोघं न सांगता आले. लोणीच्या मित्राने चादर उचलून नीट घडी केली.

"सर, आमी जोडतो. तुमी नुसतं बसा."

"मला काही करता येईल का?"

"चहा करा की. आन् साखर टाका या वेळी."

काम बरेच रविवार चाललं. सिलिंडर पुण्याहून घासून आणला, पिस्टन आणि रिंगा नव्या घेतल्या. एकदा पेंढारच्या मित्राने एक बोल्ट वर धरला.

"ह्यो कुठला रं?"

"पावना हाये त्यो. ठेव बाजूला. जेवायच्या टायमाला त्याचं घर सापडंल."

दोघं हसले आणि मधेच थांबले. अशा वेळी सगळ्यांत मोठ्याने दादा हसायचा.

मी गुरुवारपासूनच रविवारची वाट बघू लागलो होतो. इंजिन चालू व्हावं, घरात तो आवाज पुन्हा यावा, असं फार वाटायचं. पण ते चालू झाल्यावर हे दोघं कशाला येतील, हेही मला कळत होतं.

शेवटी सगळं बसलं. टाकीत पेट्रोल ओतलं आणि आम्ही आधी जेवून घेतलं. मग लोणीच्या मित्राने गाडी एका कुशीवर कलती केली, सरळ केली आणि कीक मारली. बऱ्याच कीकनंतर इंजिन धडधडलं, आणि अंगण पांढऱ्या धुराने भरून गेलं. शेजारच्या कोंबड्या पळाल्या. इंजिन गुदमरून बंद पडलं. प्लग काढला तर तेलाने चिंब.

"तेल कुनी टाकलं व्हतं?" पेंढारच्या मित्राने विचारलं.

"म्या. तू हात धुवाया गेला तवा."

"अरं, म्या बी टाकलं की!"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीही टाकलं," मी म्हणालो.

या गाड्यांच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. ते काम कायम दादाचं. टोपणाने मोजून तो टाकायचा, मग हँडल धरून गाडी हलवायचा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नसे. आज ते राहून जाईल, असं तिघांनाही वाटलं होतं. एकमेकांसमोर ते बोलणं कुणालाच जमलं नाही.

"तिघांनी मिळून त्याचं एक काम केलं," लोणीचा मित्र म्हणाला, "आन् ते बी नासवलं, राव."

आम्ही हसलो. तो प्लग पुसत राहिला. प्लग कधीच कोरडा झाला होता.

टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं. तेलाचा डबा खिडकीत होता. बराच वेळ कुणी हात लावला नाही.

"सर, तुमी टाका," लोणीचा मित्र म्हणाला.

मी टोपण भरून ओतलं आणि हँडल धरून गाडी हलवली, दादा हलवायचा तशी. या वेळी इंजिन चाललं. पेंढारचा मित्र कान लावून कार्बोरेटरचा स्क्रू पावपाव फिरवत बसला. ते काम आणखी दोन रविवार पुरवलं. दुसऱ्या रविवारी हात पुसत तो म्हणाला, "आता काय करायचं ऱ्हायलं न्हाई, सर." मी चहा केला. साखर टाकली होती.

पुढे येणं कमी होत होत थांबलं. दोघांना आपापली घरं होती, शेती होती. लोणीच्या मित्राने त्याची गाडी विकली. पेंढारचा मित्र कुणाच्या लग्नात भेटतो.

स्कूटर पडवीत आहे. चालते. तेल मी टाकतो.