धोंड्याचा जावई आणि इंग्रजी लाड

अधिक महिन्यात जावयाला धोंडे खाऊ घालायची आमच्याकडे चाल आहे. पुरण भरून तुपात तळलेले ते गोळे मी त्या सकाळी सासुरवाडीला किती रिचवले, हे विचारू नका. पुणतांब्याहून निघालेली एसटी माझ्या बाजूला कलंडायला लागली, तेव्हा कंडक्टरने मला उठवून मधोमध बसवलं!

पण पोटापेक्षा छाती जड झाली होती. बेलापूरला शाळेत इंग्रजीच्या मास्तरकीची मुलाखत होती. हीही हुकली, तर बायकोला माहेरीच ठेवावं लागणार होतं.

समोर हेडमास्तर आणि फेटा बांधलेले संस्थेचे चेअरमन.

"पँपर म्हणजे काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"लाड करणं, सर. पण प्रमाणाबाहेर. बहुधा नावं ठेवतानाच वापरतात. माणूस बिघडेल असे लाड."

"उदाहरण?"

ढेकर आणि उत्तर एकदमच बाहेर पडलं. "धोंड्याचा जावई."

चेअरमन ताठ झाले. "जेवू घातल्यावर जावई बिघडतो व्हय? माझा आत्ता घरी पाटावर बसलाय, मास्तर!"

मला असा घाम फुटला की कोरडी गोदावरी दुथडी वाहिली असती. शब्द मागे घ्यावा तर हेडमास्तर घालवणार, रेटावा तर चेअरमन. घाबरून, पाहिलं तेच बोलून गेलो.

"आज सकाळी जेवताना पाणी मागायला आत डोकावलो, तर सासूबाई रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी चटणीशी खात होत्या. अशा दुष्काळात माझ्यासाठी तूप कुठून आणलं, देव जाणे. परत आलो तर ताटात आणखी धोंडे. नको म्हणणार कसं? खाल्ले. बिघडलो तो मीच, साहेब."

चेअरमननी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मिलो आमच्याबी चुलीवर हाय," ते हळूच म्हणाले. मग हेडमास्तरांकडे एकदा बघून, "जूनपासून या. पर आज माघारी जावा आन् ती भाकर मागून खावा."

गेलो. थेट चुलीपाशी बसून भाकरी मागितली. सासूबाई भडकल्याच.

"येड लागलं का, जावईबापू? लोक शेण घालतील आमच्या तोंडात!"

मी हललो नाही. शेवटी त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे आपटली. अशी कडक, की चावताना शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"नोकरीचं काय झालं?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

सकाळी त्या घरात नोकरीचं नावही कुणी काढलं नव्हतं. बायको दाराआड उभी होती. "लागली, जूनपासून," भाकरी चावतच मी म्हणालो, "आता हिला घेऊन जातो."