अमेरिकेतली कढई आणि आईचा हलवा

मुलीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि सहज म्हणाल्या, "पहिल्या संक्रांतीला आम्ही येऊच तिकडे. हलव्याचे दागिने पुण्याहून घेऊन येऊ ना? तुमच्याकडे कुठे मिळणार!" त्यात वाईट काहीच नव्हतं. पण ते 'तुमच्याकडे कुठे मिळणार' माझ्या डोक्यात गेलं. शारजात इतकी वर्षं राहून हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. "छे हो," मी म्हटलं, "आणायचे कशाला? मी घरी करते. आमच्या आईचा हलवा अख्ख्या सांगलीत नावाजलेला होता."

आईचा हलवा नावाजलेला होता, हे शंभर टक्के खरं. मला तो येतो का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे नेहमी म्हणतात. त्या दिवशी ते बाजूलाच उभे होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आइस्क्रीम आणायला गेले.

मुलीला मात्र ही कल्पना फार आवडली. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "आई, आय वॉन्ट द रिअल वन. आजीसारखा. विथ द काटे!" लहानपणी आजीचा हलवा आला की ती एकेक दाणा जिभेवर ठेवून बसायची, चावायची नाही. आता झालं! विहीणबाईंना काहीतरी थाप मारता आली असती. पोरीला काय सांगणार?

हलवा ऐकायला सोपा आहे. परातीत तीळ घ्यायचे, परात मंद आचेवर ठेवायची, साखरेचा पातळ पाक चमच्याने थोडा थोडा घालायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. थरावर थर चढतो, दाणा फुगतो आणि मग त्याला सगळ्या अंगाने बारीक, पांढरा काटा येतो. तीन-चार दिवस चालतं हे काम. त्या काटेरी दाण्यांचं मंगळसूत्र करायचं, बांगड्या करायच्या, बाजूबंद करायचे आणि नव्या नवरीला काळ्या साडीवर घालायचे. काटा आला नाही तर तो हलवाच नव्हे. नुसते साखर लागलेले तीळ.

आई हलवा करायला बसली की आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये चार दिवस कर्फ्यू असायचा. शेगडीपुढे पाट मांडून ती बसायची आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. रेडिओ बंद. मोरीतला नळ सोडायचा नाही. कुणी 'आई' म्हणून हाक मारली की आतून आवाज यायचा, "गप्प! चालते व्हा तिकडे!" एरवी ती तशी नव्हती हो. एरवी अर्धी गल्ली तिच्याशी गप्पा मारायला यायची. पण ते चार दिवस तिला आम्ही पोरं नकोशी होतो, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

सहावीत असताना मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला, त्यावर माझं नाव कोरलेलं. मी शाळेपासून घरापर्यंत पळत आले आणि थेट स्वयंपाकघराचं दार ढकललं. "आई, बघ!" तिने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "गप्प! चालती हो आधी." मी पेला परत दप्तरात टाकला आणि आठवडाभर बाहेर काढला नाही. नंतर तो फडताळातल्या बाकीच्या पेल्यांत जाऊन बसला आणि पाणी प्यायच्या कामाला लागला. मी मात्र हलवा शिकायचं नाव कधी काढलं नाही. आई थकली, गेली, तरी नाही. राग होता माझा, दुसरं काय!

तर अशी ही आमची तयारी, आणि बढाई मारून बसलेली मी.

डिसेंबरात मी पहिला घाणा केला. इथल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आतल्या बाजूला, खिडकी नाही, त्यामुळे डोक्यावर एक्झॉस्ट फॅन घरघरत असतो. हॉलमधला एसी चालू. एका बाजूला मोबाइलवर कुणा ताईंचा हलव्याचा व्हिडिओ, दुसऱ्या मोबाइलवर स्पीकरवर कोल्हापूरची माझी बहीण. तिला हलव्यातलं माझ्याइतकंच कळतं, पण सूचना अखंड चालू. "अगं घाल पाक, घाल! हात आखडता कशाला घेतेस?" मी घातला. तासाभरात परातीत तिळाची एकसंध चिक्की तयार झाली. दुसऱ्या खेपेला दाणे सुटे राहिले, पण गुळगुळीत. तिसऱ्या खेपेला तेही नाही. आमचे हे तो सगळा माल चहाबरोबर निमूटपणे संपवत होते. एकदाच म्हणाले, "दुबईत करामाच्या बाजारात मिळतो म्हणे तयार सेट. दीडशे दिरहॅम. म्हणजे साडेतीन हजार रुपये." मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी तो विषय परत काढला नाही.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण गाडी तिथेच वळली. हमरिया फ्री झोनमध्ये आमच्या कंपनीचं गोदाम आहे. परदेशी गोळ्या-चॉकलेटं येतात, त्यांच्या खोक्यांवर अरबी लेबल बरोबर लागलंय ना, जिलेटिन कशाचं, मुदत कधीची, हे बघणं माझं काम. त्या सुमारास दुबईत खाद्यपदार्थांचं प्रदर्शन जवळ आलं होतं. आम्ही माल आणतो त्यातली एक अमेरिकन गोळ्यांची कंपनी चांगली शंभरावर वर्षं जुनी. त्यांनी स्टॉलवर लावायला म्हणून आपला इतिहास पाठवला. चाळीस पानं! आमचा मॅनेजर लेबनीज, गोड माणूस, पण घाई पाचवीला पुजलेली. "सिस्टर, वन पेज," तो म्हणाला. "यल्ला, गुरुवारपर्यंत."

कंपन्यांचे इतिहास मी पुष्कळ वाचलेत. सगळीकडे तेच ते: थोर संस्थापक, उज्ज्वल परंपरा. म्हणून डबा खाता खाता नुसतं चाळायला घेतलं. पण हे लिहिणारी बाई वेगळी निघाली. तिथेच चाळीस वर्षं कढईवर काम करून निवृत्त झालेली. कढईवर काम केलेल्या माणसाला कंपनीने इतिहास लिहायला सांगितला, इथेच मला ती मंडळी आवडली.

संस्थापक युरोपातून बोटीने आलेला. इंग्रजीचा गंध नाही. सामान म्हणजे कपडे आणि घोंगडीत गुंडाळलेली एक तांब्याची कढई. एका तळघरात त्याने धंदा मांडला. काय करायचा? बडीशेपेच्या दाण्यांवर साखरेच्या पाकाचे थर चढवायचा! चमचाभर पाक, कढई हलवायची, वाळू द्यायचं, परत चमचाभर. पाच-पाच दिवस. मी हातातली पोळी खाली ठेवली. म्हटलं, अरे, हा तर आपलाच हलवा करतोय!

मग काय, डबा तसाच राहिला. बायको हातगाडीवर गोळ्या विकायची. एकदा नदीचं पाणी तळघरात शिरलं तेव्हा त्याने आधी कढई माडीवर नेली आणि मग सासूला. (हे वाक्य कंपनीने छापायला कसं दिलं कोण जाणे.) युद्धात साखर रेशनवर गेली, कारखाना बंद पडायला आला, तेव्हा कामगारांनी अर्ध्या पगारावर दिवस काढले. पुढे मोठी यंत्रं आली आणि शहाण्या नातवाने ती जुनी कढई भंगारात काढली. दुसऱ्या दिवशी कढईवरच्या बायकांनी वर्गणी काढून ती परत आणली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता ती कारखान्याच्या दारात काचेच्या पेटीत आहे.

सव्विसाव्या पानावर त्या बाईने कढईच्या खोलीचा नियम लिहिला होता. त्या खोलीत बोलायचं नाही. संस्थापकाच्या काळापासून. मालक आला तरी नाही. कारण साधं होतं. दाणे ओले असले की चिकटून फिरतात, त्यांचा आवाज होत नाही. वाळले की खुळखुळतात. तो खुळखुळाट सुरू झाला की लगेच पुढचा पाक. आधी घातला तर गोळा होतो, उशीर झाला तर थर धरत नाही. "डोळ्यांना हे दिसत नाही," ती लिहिते, "कानांनाच कळतं. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीशी मी कामावर चाळीस वर्षं एक शब्द बोलले नाही."

मी ते परत वाचलं. आणि परत एकदा. मग खोक्यांच्या थप्पीवर बसून चक्क रडायला लागले. आमचा केरळी फोर्कलिफ्टवाला घाबरून पाण्याची बाटली घेऊन आला. "मॅडम, घर में सब ठीक?" त्याला काय सांगू? माझी आई ऐकत होती. मी तिला आयुष्यभर तुसडी म्हणत आले आणि ती बिचारी नुसती ऐकत होती.

त्या चाळीस पानांचं मी एक पान केलं. मॅनेजरने 'बोलायचं नाही' या नियमाच्या ओळीवर काट मारली. "सिस्टर, हू केअर्स?" मी म्हटलं, ही ओळ गेली तर पान तुम्हीच लिहा. त्यांना मिळालेली बक्षिसं काढते, ही काढणार नाही. त्याने दोन्ही हात वर केले. "खलास, खलास, ठेव," म्हणाला.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी मी परत बसले. एक्झॉस्ट बंद. एसी बंद. दोन्ही मोबाइल बेडरूममध्ये, उशीखाली. यांना भाजी आणायला पिटाळलं आणि सावकाश या म्हटलं. पहिला चमचा घातला. दाणे एकदम गप्प. मी बोटं फिरवत राहिले. किती वेळ गेला देव जाणे, आणि मग परातीतून बारीक आवाज यायला लागला. खुळखुळ, खुळखुळ. हा आवाज मला माहीत होता! बंद दाराबाहेर बसून मी लहानपणी हाच तर ऐकला होता.

दागिने झाले, हे आत्ताच सांगून टाकते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले. बाजूबंदापुरता हलवा उरला नाही. काटा आईसारखा नाही, जरा बोथटच. विहीणबाईंनी बांगडी हातात घेऊन निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "घरचा आहे, कळतंय." कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. दुपारचे चार वाजले असतील. दुसरा दिवस होता, दाणे फुगले होते आणि मी कान लावून बसले होते. आता वाजतील, मग वाजतील. तेवढ्यात बाहेरच्या दाराला किल्ली लागली (लग्नानंतरही आमची एक किल्ली तिच्याकडेच असते) आणि रविवार असूनही कामाला गेलेली मुलगी ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच घेऊन धावत आत आली. "आई! गेस व्हॉट, यू वोंट बिलीव्ह..."

"गप्प! चालती हो आधी!"

हे माझ्या तोंडून आलं. तेच शब्द, तोच सूर. ती दारातच थबकली. पंचवीस वर्षांची पोर, पण चेहरा असा पडला की बघवेना. वळून जाणार, तेवढ्यात मी साखरेच्या चिकट हाताने तिचं मनगट धरलं, तिला खाली बसवलं आणि परातीकडे बोट दाखवलं. दोघी वाकून बसलो. तिला काही कळत नव्हतं, पण ती बसली. मग दाणे वाजायला लागले. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि चमचा तिच्या हातात दिला. तिने पाक घातला. आम्ही परत थांबलो. असे चार-पाच चमचे झाले असतील, आणि तिने एक दाणा उचलून दिव्यापुढे धरला. "ओ माय गॉड," ती पुटपुटली. "काटे."

मी म्हटलं, "आता सांग. काय सांगत होतीस?"

"नथिंग, आई. लीव्ह इट."

आणि तेव्हा मला ते आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्याच दिवशी, पेल्याच्या दिवशी, दिवेलागणीला आई बाहेरच्या खोलीत आली होती. तिची बोटं लाल झाली होती. वाटीत नवा हलवा होता. माझ्याजवळ बसून म्हणाली, "मगाशी काय सांगत होतीस गं?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "काही नाही." तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. "सांग की," म्हणाली. मी पान उलटलं. मग तिला आमटी टाकायची होती, ती वाटी तिथेच ठेवून उठून गेली. तिने हाकललं, तेवढं मी जन्मभर जपून ठेवलं. तिने दोनदा विचारलं होतं, ते विसरून गेले.

"नथिंग कसं?" मी मुलीला म्हटलं. "पळत आलीस ना? सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"आई, तुझा पाक..."

"जळू दे पाक."

तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग बॅगेतून फोन काढला. त्यावर एक चित्र होतं. एका शाळेच्या वाचनालयाचं, तिने स्वतः काढलेलं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये इमारतींचे आराखडे करणारं तिचं ऑफिस आहे, त्यांनी सगळ्यांच्या चित्रांमधून बांधायला तेच निवडलं होतं. ती आधी तुटक तुटक बोलत होती, इंग्रजीत. मी गॅस बंद केला, परात खाली उतरवली, हात पदराला पुसले आणि म्हटलं, "असं नाही. अगदी पहिल्यापासून सांग."