परत न येणाऱ्या खेळाडूचा पगार

दूध उतू गेलं आणि हे मोबाइलवरची नजर न हलवता म्हणाले, "चार जणांवर निम्मा पैसा उडवल्यावर दुसरं काय होणार."

मी ओटा पुसत होते. म्हटलं, "कुठले चार जण? घरात आपण दोघंच."

"अगं, टीमचं म्हणतोय."

कॅनडात रात्रीची मॅच चालू असते तेव्हा आपल्याकडे पहाट असते. नळाला पाणी यायची वेळ, दुधाची वेळ आणि ह्यांच्या आइस हॉकीची वेळ एकच.

आमचा अमोल नोकरीला तिकडे गेला आणि तिथली लाल टीम त्याची झाली. ह्यांनी मुद्दाम तिची कट्टर वैरी असलेली निळी टीम धरली.

का, तर म्हणे, "दोघं एकाच बाजूचे झालो तर फोनवर बोलायचं काय?"

चाकणच्या कंपनीत फिटर होते. फर्स्ट शिफ्टची बस पकडून पकडून पहाटेची जाग लागलेली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. हॉकी स्टिक मात्र आयुष्यात एकदाच हातात घेतली. सोसायटीत साप निघाला होता तेव्हा.

मॅच संपली की अमोलचा फोन. गोलवरून भांडण कमीच. भांडण सॅलरी कॅपवरून.

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मॅनेजमेंटने खेळाडूंना टोपी घातली.

विचारलं, "त्यांची युनियन नाही का?"

बापलेक दोघंही हसत सुटले.

"तसली टोपी नाही गं. सगळ्या टीमना पगाराची वरची हद्द सारखीच. मालक कितीही श्रीमंत असू दे."

फोनमधून अमोल म्हणाला, "आणि आई, युनियननेच सही केलीय त्यावर."

"ते मला अजून पटलेलं नाही," हे म्हणाले. शेवटपर्यंत पटलं नाही.

मला मात्र गोडी लागली. माझी शाळा सातवीपर्यंत. दापोडीच्या भाड्याच्या खोलीत असताना लायब्ररी लावली, तेव्हापासून वाचतेय. इंग्रजी अडखळत वाचते, शब्द अडला की मोबाइलवर शोधते. तशीच दोन्ही टीमच्या पगारांबद्दल वाचायला लागले.

हद्द सारखी, पण संसार किती वेगळे.

निळीने चार मोठे खेळाडू धरून ठेवले आणि बाकीच्या जागा स्वस्तात भरल्या. लालने पोरं कोवळी असतानाच लांबचे करार करून टाकले. पोरांचा खेळ वाढला, पगार तोच राहिला.

"पप्पा, तुमच्याकडे डिफेन्सला पैसाच उरला नाही."

"आणि तुमची पोरं अजून दूध पितायत. प्लेऑफला अनुभवी माणूस कोण आहे तुमच्याकडे, राव?"

एक गोष्ट मला कळेना. लाल टीमचा एक गोलकीपर होता. गुडघा गेलेला. पुन्हा बर्फावर उतरणार नाही हे सगळ्यांना माहीत. तरी नाव यादीत, पगार चालू. आणि दुखापत लांबली म्हणून तेवढ्या पगाराचा दुसरा माणूस हद्दीबाहेर जाऊन घ्यायची टीमला सवलत.

ह्यांना विचारलं, "त्याला सरळ काढून का टाकत नाहीत? येणारच नाही ना तो?"

"अमोलला विचार. त्याची टीम आहे."

विचारायचं राहून गेलं.

मग एका दुपारी छातीत दुखतंय म्हणाले. रिक्षा बोलावली. हॉस्पिटलच्या दारातच गेले.

अमोल आला, तेरावा झाल्यावर परत गेला. मग रोज त्याच वेळेला त्याचा फोन यायचा.

"चहा झाला?"

"झाला."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं. ठेवतो."

रोजचा फोन हळूहळू रविवारचा झाला. त्याचा दोष नाही. आम्हा मायलेकांचं बोलणं कायम ह्यांच्यामार्फत. मी आपली मागून ओरडायचे, "त्याला विचारा, थंडी किती आहे." आता मधला माणूसच नाही. मला भीती वाटायला लागली, की हा फोनही उद्या दिवाळी-दसऱ्यापुरता उरेल.

गेल्या रविवारी तो "ठेवतो" म्हणाला आणि मी म्हटलं, "थांब. तुमच्या गोलकीपरचं काय झालं?"

"कुठल्या?"

"गुडघ्याच्या. खेळत नाही तरी ठेवलाय, तो."

तो म्हणाला, "आई, तुला हे कुठून माहीत?"

"वाचलं. काढून का टाकत नाहीत त्याला?"

"जखमी माणसाला काढता येत नाही, तसा नियमच आहे. आणि तो स्वतःहून रिटायर झाला तर त्याचा उरलेला पगार बुडतो. म्हणून करार संपेपर्यंत तो टीमचाच."

"आणि त्याच्या नावावर तुम्ही दुसरा आणलात."

"पप्पा ह्याला चलाखी म्हणायचे."

"चलाखीच आहे."

"म्हणजे तूही निळीचीच?"

"मी अजून ठरवलेलं नाही. तुमचे तिसऱ्या फळीचे पगार वाचायचे राहिलेत."

तो हसला. खूप दिवसांनी ऐकलं ते हसू. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तेवढाच येत राहिला.

मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. अहो, तुमचं माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. जिथे असाल तिथे सुखात असा.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पहाटे उठले आणि अमोलच्या फोनची वाट न बघता मीच त्याला फोन लावला.