लाल रेघ

माझ्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याकडे विमान नसेल. साडूभाऊंकडे आहे. खारी गावात, चहूबाजूंनी टॉवर उठलेल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, आणि त्या शेडमध्ये चौदा वर्षं खपून स्वतःच्या हातांनी बांधलेलं दोन माणसांचं विमान. लोकांना वाटतं, विमान बांधणारा माणूस म्हणजे स्वारी कायम हवेत असणार. छे. इतका जमिनीवरचा माणूस मी पाहिलेला नाही. पंख, शेपूट वगैरे त्यांच्या लेखी किरकोळ गोष्टी. "पंख कशाला दगा देतील? दगा देतं ते इंजिन," असं म्हणून ते जे झाकण उघडून बसतात, ते मेव्हणीने जेवायला तिसरी हाक मारेपर्यंत.

मीठ हा त्यांचा पहिला वैरी. यांच्या घराण्याची मिठागरं होती, पिढ्यान्‌पिढ्या मिठावर पोसलेलं घर, आणि हे खाडीवरून वारा सुटला की फडकं घेऊन इंजिनाकडे धावतात. "बापानं जन्मभर मीठ पिकवलं, मी जन्मभर ते पुसतोय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरा वैरी पंपावरचं पेट्रोल. हल्ली त्यात काय काय मिसळतात आणि त्याने रबराच्या नळ्या कशा फुगतात, यावर ते लग्नाच्या पंगतीतही बोलतात. टाकीतलं थोडं पेट्रोल रोज सकाळी काचेच्या बरणीत काढून, तळाला पाण्याचा थेंब बसलाय का, ते उजेडात धरून बघायचं. एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, तर माझ्यापुढचं कोकम सरबतही त्यांनी सवयीने उचलून खिडकीकडे धरलं. तिसरा वैरी म्हणजे कुंभारीण माशी. टाकीला हवा जाण्याची जी बारीक नळी असते, तिच्यात ही बया मातीचं घर करते, आणि मग पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. एवढीशी माशी विमान पाडू शकते, हे ते इतक्या आदराने सांगतात की ऐकणाऱ्याला माशीचंच कौतुक वाटावं.

जुनं तेल फेकून देणं त्यांच्या धर्मात नाही. ते पांढऱ्या कापडातून गाळायचं आणि कापडावर धातूचा कण चमकतोय का ते भिंगाने बघायचं. मेव्हणीच्या घरात आता पांढरं कापड म्हणून काही उरलेलं नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे नेलपॉलिश. नट आवळून झाला की नटावरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यासाठी हे पासष्ट वर्षांचे गृहस्थ मीरा रोडला, माझ्या बिल्डिंगखालच्या दुकानात येतात. पहिल्यांदा दुकानदाराने विचारलं, "अंकल, भाभीजी को कौनसा शेड चलेगा?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "जो गरम तेल से ना उतरे." तेव्हापासून तो दुकानदार माझ्याकडेही जरा जपून बघतो.

पण त्यांचा खरा नियम एकच: काम चालू असताना मधे कोणी बोललं, तर तीन पायऱ्या मागे जायचं. सातव्या नटावर असताना हाक आली की चौथ्यापासून पुन्हा. हा नियम त्यांनी घरभर पसरवला होता. गणपतीच्या आरतीत कोणी शिंकलं तरी हे तीन ओळी मागे जायचे आणि उरलेलं गाव पुढे. त्यामुळे शेडमध्ये सगळे गप्प बसायचे आणि साडूभाऊंचा फोन घरातच राहायचा.

अखेर सगळ्या परवानग्या हातात पडल्या, पण वेळ हातात नव्हता. उडायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि त्यांच्या दाखल्याचा एकच दिवस शिल्लक होता. हृदयाचं दुखणं वाढत होतं. पुढच्या वेळी सही करणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे स्वतःचं विमान स्वतः उडवायचं तर त्याच सकाळी, नाहीतर कधीच नाही. पंख सोडवून, विमान टेम्पोत घालून आम्ही घाटावरच्या एका खाजगी धावपट्टीवर नेलं होतं. पंख परत जोडले. वारा पडलेला होता. साडूभाऊ शेवटचे नट आवळत होते, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. मेव्हणीने बजावलं होतं, म्हणून त्या एका दिवशी त्यांनी तो जवळ ठेवला होता. "अंगारा लावलात का?" एवढंच तिला विचारायचं होतं. ते हसून बोलले, नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली आणि झाकण लावून टाकलं. तीन पायऱ्या मागे गेले नाहीत.

हे फक्त मी पाहिलं. ते आत बसले, इंजिन सुरू झालं, ऐकत राहावं असा आवाज. चौदा वर्षांत मी त्यांचा चेहरा असा खुललेला पाहिला नव्हता. मी मनाशी म्हटलं, नट आवळलाच असेल, उगाच कशाला मोडता घालायचा. मग पाय आपोआप चालायला लागले. बाजूने, नाकाडावरच्या फिरत्या पंख्यापासून लांब राहून मी हात वर केला. त्यांनी इंजिन बंद केलं. मी सांगितलं.

गरम इंजिनाला पाना लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. इंजिन थंड होईपर्यंत आम्ही सावलीत बसलो. मग त्यांनी झाकण काढलं. शेवटच्या नटावर रेघ नव्हती. पाना लावला. नट घट्ट होता, केसभरही हलला नाही. तोवर वारा उठला होता, धावपट्टीला आडवा, उडूच नये असा, आणि तो संध्याकाळपर्यंत पडला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडूभाऊ म्हणाले, "घट्ट हाय, हे आत्ता कळलं. मघाशी कळलं न्हवतं."

डॉक्टरांनी पुढे सही केली नाही ती नाहीच. त्या हिवाळ्यात, ज्या सरांनी साडूभाऊंना उडायला शिकवलं होतं, त्यांनी ते विमान उडवलं. साडूभाऊ खाली डोळे मिटून फक्त आवाज ऐकत उभे होते. विमान उतरल्यावर, इंजिन थंड झाल्यावर, ते पुन्हा नट तपासायला बसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "साडूभाऊ, माझ्यावर राग आहे का हो?"

ते तीन नट मागे गेले, ते पुन्हा तपासले, आणि शेवटच्यापाशी येऊन म्हणाले, "राग हाय. पण तुझ्यावर न्हाय. त्या दिवशी ज्यानं फोन उचलला, त्याच्यावर हाय."

मग नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. शेवटच्या नटावरची रेघ मी ओढली. रेघ वाकडी आली. साडूभाऊंनी भिंग लावून ती बराच वेळ बघितली, आणि तशीच ठेवली.