रुमालातले जीव

आमच्या विभागप्रमुखांना चिखलाचा भारी तिटकारा. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला चिखल नको, म्हणजे न्हाव्याला केसांची किळस यावी तसंच.

वैनगंगेचा पूर ओसरला की गावाबाहेरच्या खोलगट भागात पाणी मागे राहतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर लागल्यापासून मी त्या डोहात बारीक जाळी टाकत आले. पुराच्या दिवसांत फारसं काही सापडत नाही, नुसता गाळ. पाणी निवळू लागलं की आधी चाकासारखे केस फिरवणारे बारके जीव येतात, मागून पाणपिसवा, आणि दिवाळीपर्यंत ताटलीत इतक्या तऱ्हा वळवळतात की बघता बघता डोळे दुखतात. माशांची पिल्लं यांच्यावरच पोसतात. उन्हाळ्यात डोह आटतो, तेव्हा यांची अंडी वाळल्या चिखलात पुढच्या पुराची वाट बघत पडून राहतात.

पंचायतीला नेमकं तिथेच सभागृह हवं होतं. मासे धरणाऱ्यांनी हरकत घेतली, म्हणून पाण्यात जीव आहेत की नाहीत हे कॉलेजने सांगावं असं ठरलं. झालं, सर पांढरे बूट घालून निघाले. पूर नुकता कुठे ओसरत होता.

"सर, दिवाळीनंतर येऊ. आत्ता काय दिसणार?" मी म्हटलं.

"शास्त्र मुहूर्त पाहत नाही, मॅडम."

शिपायाने बादली भरली. गढूळ पाणी पाहताच सरांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, बाटलीच्या तोंडावर धरला आणि घरी पिण्याचं पाणी गाळतात तसं ते गाळून घेतलं. सूक्ष्मदर्शकाची काच खराब होऊ नये म्हणून! मी आ वासून बघत राहिले. प्रयोगशाळेत त्या बाटलीत काही निघालं नाही, निघणार कुठून? मग मी तोच रुमाल ताटलीतल्या पाण्यात खळबळून ती ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरांपुढे ठेवली. दोन-चार पाणपिसवा टुणटुण उडत होत्या. सरांनी डोळा लावला आणि शांतपणे म्हणाले, "हे तर रुमालात होते. पाण्यात कुठे होते?"

अशा माणसाला पीएच.डी. देणाऱ्यांचे पाय धुऊन पाणी प्यावं. गाळून.

अहवाल ग्रामसभेत वाचला गेला, पाण्यात जीव नाहीत. उन्हाळ्यात मुरमाचे ट्रक आले आणि अंड्यांसकट डोह बुजला.

परवा बाजारात, त्या डोहातले मासे विकायची ती मावशी भेटली. आता तिच्यापुढे बर्फाच्या पेटीतले बाहेरगावचे मासे होते.

"मॅडम, तुमी त सारं पायत होत्या. मंग कायले नाही बोलल्या?"

"बोलले ना, मावशी."

"कोनाले?"

"सरांना."

तिने पेटीवरची माशी हाकलली.

"सारा गाव ग्रामसभेत बसला होता. अन् तुमी सराले सांगून राहिल्या!"